शाळेतला एकुलता एक अमीटर

लातूरला बारावीत असताना मला भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि तोवर मी एका वायरीलाही हात लावलेला नव्हता. प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलपात. आम्ही मागच्या बॅचच्या वहीतून आकडे उतरवायचे, तेही सुबक अक्षरात. या पराक्रमाच्या बळावर आज मी मुखेडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतोय. ते मार्क देणाऱ्यांचा अजून संताप येतो. घेणाऱ्याचाही येतो, पण त्याच्यासोबत राहावं लागतं.

परवा नववीला ओहमचा नियम होता. म्हटलं, आपली पोरं तरी स्वतःच्या हातानं पडताळून बघतील. शाळेत अमीटर एकच, डब्यातून कधी न निघालेला. मी ऐटीत तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडला. काटा सटकन टोकाला आपटला, जळका वास आला, आणि कारभार आटोपला.

"सर, लई जोरात पळाला की!" पोरं खूश.

पहिल्या बाकावरची मुलगी मात्र पुस्तक उघडून उभी. "सर, अमीटर रोधाच्या तारेच्या ओळीत, एकसर जोडायचा असतोय ना? चित्रात तसंच हाय."

तसंच होतं. ते चित्र मीच आदल्या दिवशी फळ्यावर काढलेलं.

स्टाफरूममध्ये ज्येष्ठ गुरुजींना सांगितलं, तर ते चहा फुंकत म्हणाले, "मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे द्या की लिहून. उगं कपाट उघडलं तुम्ही."

डोकंच फिरलं. म्हणजे ही पोरंही माझ्यासारखीच निघणार! तसाच उठलो आणि बाजारात जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्याकडून व्होल्ट आणि प्रवाह दोन्ही मोजणारा मल्टीमीटर मागून आणला. देताना तो म्हणाला, "नीट जोडा बरं का सर. खबर आलीय माझ्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी पोरांनीच जोडणी केली. मला जवळ येऊ दिलं नाही. सेल वाढवले तसा विद्युतप्रवाह वाढत गेला. व्होल्टला प्रवाहानं भागून येणारा आकडा मात्र तंतोतंत सारखा येईना: ५.१, ४.९, ५.२. एकजण म्हणाला, "सर, सगळीकडं पाचच लिहू का?"

"खबरदार!" मी असा ओरडलो की शेजारचा वर्ग गप्प झाला. "जे आलंय तेच लिहायचं."

लिहिलं त्यांनी. सही करायला त्या मुलीची वही उघडली, तर 'दक्षता' या मथळ्याखाली ओळ होती: अमीटर थेट बॅटरीला जोडू नये. सरांनी जोडून बघितला आहे, जळतो.

त्याखाली सही केली.