बिलकाकांचा प्रिंटर

पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर बिलं काढली म्हणून इमारतीत त्यांना सगळे बिलकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना डिजिटल कॅमेरा दिला आणि काकांना फोटोग्राफीतलं सगळं कळू लागलं. एकच गोष्ट खुपायची. फोटो छापायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जावं लागे, आणि तिथले मालक दर वेळी "हात हलला वाटतं" म्हणत. आपल्या कामात कुणी चूक काढावी, याची काकांना सवय नव्हती. एके दिवशी ते भलंमोठं खोकं कवटाळून जिना चढून आले आणि काकूंना म्हणाले, "आता कुणाच्या दारात जायला नको."

प्रिंटर जेवणाच्या टेबलावर बसला आणि माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. पहिला फोटो काकूंचा निघाला. त्यात काकू वांगी रंगाच्या आल्या होत्या. काकांनी पुस्तिका वाचून यंत्राला आतून स्वच्छ होण्याचा हुकूम सोडला. यंत्र बराच वेळ गुरगुरलं आणि निम्मी शाई पिऊन गप्प झालं. पुढच्या फोटोत काकू हिरव्या होत्या. प्रगती आहे, असं काकांचं मत पडलं. मग निळी शाई संपली म्हणून यंत्र काळं अक्षरसुद्धा उमटवेना, तर काका त्याचीच बाजू घेऊ लागले. एका सहीवाचून अख्खं प्रकरण अडवून धरण्यात त्यांची स्वतःची सगळी हयात गेली होती. यंत्र शिस्तीचं आहे, असं ते कौतुकानं सांगत.

इथवर काकूंनी सोसलं. पण काकांनी शेजारच्या सूनबाईला तिच्या बाळाचा फोटो छापून दिला आणि तिनं तो न बघताच पाकिटात घालून माहेरी धाडला. नातवाला कावीळ झाली आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही, असं समजून तिची आई मिळेल त्या गाडीनं येऊन थडकली. बाळ ठणठणीत होतं. आई मात्र आलीच आहे तर म्हणून राहिली, आणि सूनबाई काकूंशी तुटक बोलू लागली.

तेव्हा काकूंनी मनावर घेतलं. आज काय छापणार, हे त्या सकाळी चहाला सहज विचारून घ्यायच्या. भाजीला जाताना कॅमेऱ्यातलं कार्ड पिशवीत टाकायच्या आणि स्टुडिओतून फोटो करून आणायच्या. दुपारी यंत्राला कामाला लावून काका आरामखुर्चीत डोळे मिटत. ते घोरू लागले की काकू खालचे हिरवे-जांभळे फोटो काढून घेत आणि स्टुडिओतले तिथे ठेवत. जागे झाल्यावर काका ते उजेडात धरून बघत आणि म्हणत, "यंत्राला माणसाचा हात ओळखीचा व्हावा लागतो."

त्यांची कीर्ती पसरली. लोक सल्ला विचारायला येऊ लागले. काकांच्या भरवशावर दोघांनी तसलंच यंत्र घेतलं आणि आपल्याच हाताला दोष देत बसले.

एका रविवारी काकांची थोरली बहीण आली. आक्काला दिसायचं कमी, म्हणून ती प्रत्येक फोटो नाकाशी नेऊन उलटसुलट बघत होती. मागची बाजू बघता बघता ती थांबली.

"अरे, याच्या पाठीवर कोपऱ्यावरच्या स्टुडिओचा शिक्का कसा?"

काकूंनी कपबशा गोळा करायला घेतल्या. काकांनी फोटो हातात घेतला. आधी शिक्का वाचला, मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान वर केली नाही.

"कागद त्यांच्याकडचा आहे," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या, "कागद चांगला असतो त्यांचा."

आक्काला ते पटलं. तिनं स्वतःचे फोटो मागून घेतले आणि संध्याकाळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काकू भाजीला निघाल्या तेव्हा काकांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता शेजारच्या बाळाच्या नव्या फोटोंचं कार्ड पुढे केलं.

"जाताच आहेस, तर कागद घेऊन ये," ते म्हणाले. "आणि त्यांना म्हणावं, हात हलला नव्हता. बाळ हललं होतं."