सुकाणू मामीच्या हाती

जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांची शिडं शिवणाऱ्या दोरामामांनी निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी जुनी शिडाची होडी घेतली. आता खोल समुद्रात जायचं होतं आणि सोबतीला फक्त मामी. तळ खरवडता खरवडता, गळती बुजवता बुजवता मामांच्या कंबरेचा काटा पार ढिला झाला होता. तरी एक काम राहिलंच होतं. मामा पाण्यात पडले, तर होडी वळवून त्यांच्यापाशी आणणं मामीला जमायला हवं होतं.

त्या सकाळी बंदराबाहेर मामांनी रिकामा डबा पाण्यात फेकला. "समज, तो मी आहे."

मामीने होडी वळवली, पण डबा हुकला. पुन्हा पुन्हा हुकला. दुपार कलली, ओरडून ओरडून मामांचा घसा बसला.

"अहो, जरा गप्प बसाल का?" मामी वैतागली. "तुमच्या आरडाओरड्यात मला वाराच कळत नाही."

मामा गप्प बसले. मामीने शीड सैल सोडलं, होडी सावकाश डब्याला टेकली आणि तिने तो वर ओढून घेतला.

मामांना शाबासकी द्यायची होती, पण इतक्या महिन्यांचा शीण एकदम अंगावर आला. दुसऱ्याच्या हाती सुकाणू देऊन त्यांनी आजवर कधी डोळा मिटला नव्हता.

"आता तूच ने बंदरात," एवढंच म्हणून ते ओल्या फळीवर आडवे झाले आणि घोरायला लागले.