पॉइंटवरचा न दिसणारा फील्डर

आज दुपारी बाळापूरला आरिफला माती देऊन आलो.

रात्री झोपला, सकाळी उठलाच नाही. माझ्याहून लहान होता.

आमची ओळख कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या क्रिकेट गेममुळे. अमरावतीत बसून मी त्या गेमचे मॉड, म्हणजे बदललेल्या आवृत्त्या, बनवतो. नवे ड्रेस, नवे चेहरे, आपल्या वऱ्हाडातल्या टीम. काम फुकटाचं, वर लोकांच्या शिव्या.

आरिफचं बाळापूरला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. एक दिवस त्याने आमच्या गेमच्या ग्रुपवर मागणी टाकली.

"भाऊ, टीममंधी एक जागा रिकामी ठेवता आली पाह्यजे. असं फीचर टाका ना."

मी थट्टा केली. लोक बारावा खेळाडू मागतात, तू दहाच मागतोस?

मग त्याने फोन केला.

गजानन त्याचा जिगरी दोस्त, त्यांच्या टेनिस बॉल टीमचा पॉइंटचा फील्डर. बोंडअळीचं वर्ष होतं. दुसऱ्याच्या कापसावर फवारणीला गेला, विषबाधा झाली. अकोल्याच्या दवाखान्यातून परत आलाच नाही.

तेव्हापासून ही टीम दहाच जण घेऊन उतरायची. पॉइंटला कुणी उभं राहायचं नाही. तिकडून चौकार गेला तर समोरची टीमही टाळ्या वाजवत नसे.

"मैदानात आमी ठेवतो त्याची जागा, तं गेममंधी काहून नाई?"

मी कामाला लागलो.

पण अकरा जण नसतील तर गेम सुरूच होत नाही. म्हणून मी जुगाड केला. अकराव्याचं नाव कोरं ठेवलं. चेहरा, हातपाय, ड्रेस, सगळं पारदर्शक केलं.

पॉइंट रिकामा दिसायला लागला. मी खूश.

संध्याकाळी आरिफचा फोन.

"भाऊ, बॉल थांबला."

"कुठे?"

"पॉइंटले. कोनी नाई तिथं. बॉल थांबला अन् वापस आला कीपरकडं."

माझ्या लक्षात आलं. मी त्याला फक्त दिसेनासा केला होता. तो फील्डिंग करतच होता.

म्हटलं, चूक झाली, काढतो.

"हात लावू नका त्याले."

पुढे त्याने गजाननच्या आईलाही ते दाखवलं. मी म्हटलं, अरे, वेडा आहेस का? पण काकू रोज शेतातून येताना दुकानात थांबायला लागल्या. एक ओव्हर बघायच्या. मग म्हणायच्या, "अंधार पडून राह्यला. त्याले म्हना, घरी ये."

आरिफ म्हणायचा, "निंगाला काकू, तुमी व्हा समोर."

हे मी बाळापूरला जाऊन डोळ्यांनी पाहिलंय. मी बनवलेली ती एकच गोष्ट आहे जिची मला भीती वाटते.

आज सकाळपासून ग्रुपवर एकच मागणी. आरिफभाईची जागाही रिकामी ठेव. कुणी तर जागाही ठरवून टाकली, मिड ऑफ.

माती देऊन त्याच्या घरी गेलो. अम्मीने मला बाजूला घेतलं. ग्रुपवरची मागणी त्यांच्या कानावर गेली होती.

"त्याले नको ठेवू रे त्यात, बेटा. मंग मी बी रोज येऊन बसीन."

मी त्यांना शब्द दिला.

निघताना दुकानावरून गेलो. शटर बंद. पायरीवर काकू बसलेल्या.

मला वाटलं, यांना कुणी सांगितलंच नाही. आता मीच सांगायचं? म्हटलं, "काकू, आरिफ गेला. आता इथं काही दिसणार नाही. गजूही..."

"मले माहीत हाये."

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"गजू गेला तवाच गेला. मले काय समजत नाई? पन आरिफ एकटाच बसे रे त्या कॉम्प्युटरपुढं. रोज गजूसंग बोले. म्हून येत होती मी. मी 'घरी ये' म्हटलं का तो बंद करे अन् घरी जाये."

इतकं बोलून त्या उठल्या आणि चालू लागल्या.

मी पायरीवर बसलो आणि रडलो.

आरिफ, ग्रुपवाल्यांना सांगतोय, नव्या मॉडमध्ये तुझी जागा रिकामी राहणार नाही. तुला कुणी थांबवून ठेवणार नाही.

जा दोस्ता. सुखाने जा.