आत्या खडीवर पडत नाही

माझी आत्या वेल्डर आहे. गेट, जाळ्या, लोखंडी जिने बनवते. तिचा हात चटकन उठतो, हे आमच्या घरात कौतुकानं सांगतात. अर्थात ज्यांना तो लागलेला नाही, तेच. मला लागलाय, म्हणून मी जपून लिहितो.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, खाणीवरच्या रस्त्यानं सायकलवर कामाला जायचे. एका डंपरवाल्यानं त्यांना डांबरावरून खड्यासारखं बाजूला काढलं. कडेच्या खडीत बारीक चाक फसलं आणि काका तोंडावर आपटले. जबडा तारांनी बांधलाय, पितात तेही नळीनं, आणि बाहेर हॉर्न वाजला की हातातला पेला सांडतात. नंबरप्लेट चिखलानं माखलेली, सगळे डंपर एकाच रंगाचे. पोलिसांनी हात वर केले.

आत्यानं केले नाहीत. तिचा बेत साधा होता. त्याच रस्त्यानं जायचं, जो ढकलेल तोच तो समजायचं, पडायचं मात्र नाही, आणि पुढे डंपर तोलायच्या वजनकाट्याच्या रांगेत त्याला गाठायचं. अडलं होतं सायकलीपाशी.

दुकानदारानं विचारलं, कशासाठी हवी. "एकाला गाठायचंय," आत्या म्हणाली. त्याला ती शर्यतवाली वाटली. त्यानं चिंचोळ्या टायरची, पोटात गुडघे घेऊन चालवायची सायकल काढली. दुकानामागे बांधकामाची खडी पसरली होती. आत्या स्वार झाली आणि मला म्हणाली, खांद्यानं धक्का दे. लहानपणापासूनच्या सगळ्या चापट्या आठवून मी दिला. आत्या आडवी. कोपराचं सालटं निघालं, रक्त दुकानदाराच्या बुटावर.

मग जाडजूड टायरची डोंगरी सायकल आली. ती खडीवर खांबासारखी उभी राहिली, पण डांबरावर म्हशीसारखी चालली. हिच्यावर बसून गेलं तर तो रिटायर झाल्यावरच सापडेल, असं आत्याचं मत पडलं.

शेवटी दुकानदाराला खरं कारण सांगावं लागलं. तो आत गेला आणि लांब पल्ल्याची रोड सायकल घेऊन आला. हँडल जरा उंच, बांधा जरा लांब, त्यामुळे डुगडुगत नाही. टायर डांबरावर पळण्याइतके गुळगुळीत, खडीवर तग धरण्याइतके रुंद. शिवाय डिस्क ब्रेक. कार्बनची हलकी होती. आत्यानं स्टीलची घेतली, टोला बसला तर पोचा येईल, तुकडा पडणार नाही म्हणून. दुकानदारानं टायरमधली थोडी हवा सोडली. मी पुन्हा ढकललं. मागचं चाक शेपटीसारखं हललं आणि सरळ झालं. आत्यानं उतरून मला एक ठेवून दिली.

"एवढ्यानं कोण पडेल? जरा डंपर हो."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवर तिच्या मागे होतो. डंपर आला, कानाशी हॉर्न दाबला आणि सरळ तिच्या अंगावर कलला. आत्या डांबरावरून खडीत उतरली. खडे उडाले, एक माझ्या ओठावर फुटला. मागचं चाक घसरलं, पण ती पडली नाही. पुन्हा डांबरावर चढली आणि अशी सुटली की मला स्कूटर पिळावी लागली.

वजनकाट्यावर तिनं त्याला दारातून मानगूट धरून खाली ओढलं. त्यानं जॅकचा दांडा फिरवला. पहिला टोला सायकलीच्या नळीला बसला, पोचा आला. दुसऱ्या टोल्यानं आत्याचं हेल्मेट चिरलं. मग आत्यानं सायकलीला लावलेला हवेचा पंप काढला. त्याचे दोन दात गेले, नाक वाकडं झालं. तिनं त्याचं तोंड खडीवर दाबलं आणि काकांचं वर्णन करून विचारलं, आठवतो का.

"कोणता?" तो रक्त थुंकत म्हणाला. "सायकलवाले पाडायची आमची पैज असते, बाई. सगळेच पाडतात."

आत्यानं मान वर केली. रांगेतले ड्रायव्हर खिडक्यांतून बघत होते. कुणीही खाली उतरलं नाही.

घरी काका दारातच बसले होते. आत्याच्या कपाळावरचं रक्त त्यांनी पाहिलं, सायकलीला आलेला पोचा पाहिला आणि तारांमधून विचारलं, "सापडला?"

"एक सापडला," आत्या म्हणाली. मग तिनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला आणि मला सांगितलं, स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेव.