मागे बघायचं नाही

"परत कुठे निघालात?"

"किल्ली राहिली गाडीला."

"किल्ली तुमच्या हातात आहे."

त्याने हाताकडे पाहिलं. होती.

"मग डबा राहिला असेल."

"डबा मी मघाशीच घासला. अजून काय राहिलंय ते एकदाच सांगून टाका. स्टिअरिंग?"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. ताट वाढलंय आणि तुम्ही पुन्हा चपला घालताय. कालही तेच, परवाही तेच. त्या गाडीत ठेवलंय तरी काय?"

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. काय ठेवलंय ते दोघांनाही माहीत होतं.

तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. मुलं त्याला काका म्हणायची. मुलांचे आईबापही काकाच म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठे असले तरी. पूर्वी घरी आला की बसचा अख्खा दिवस तो बायकोपुढे करून दाखवायचा. खिडकीशी बसलं की ओकणारा लाडोबा, रोज दुसऱ्याचेच बूट घालून उतरणारी ती जुळी, सगळ्यांचे आवाज काढायचा. शिलाई मशीनवर वाकलेल्या बायकोला हसू आवरायचं नाही, टीप वाकडी जायची.

मग ऑफिसने बसमधली मावशी काढून घेतली. दार उघडणं, मुलांना उतरवणं, भांडणं सोडवणं हे सगळं तिचं काम. "काका, तुम्हाला आता एवढा अनुभव आहे," साहेब म्हणाले होते. तेव्हापासून त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात. घरचे आवाज बंद झाले. जेवताना मान मध्येच वर उचलली जायची, जणू घास आरशात बघून घ्यायचा होता.

आणि एका संध्याकाळी, बस लावायच्या मैदानात गाडीला कुलूप घालून तो फाटकापर्यंत गेला, तर मागून टकटक ऐकू आली. काचेवर बोटांची. वळून पाहिलं तर शेवटच्या सीटच्या खिडकीत एक पोरगी. सीटखाली झोपून गेली होती. रडतही नव्हती. "काका, मी लपले होते," म्हणाली. त्याने तिला घरी सोडलं, उशीर झाला म्हणून माफी मागितली, आणि हे बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नाही. कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पण टकटक काही थांबली नाही. रोज, नेमकी फाटकाशी. तो परत जायचा, गाडी उघडायचा. कुणी नसायचं.

मध्यंतरी ऑफिसने ताण घालवायचं शिबिर घेतलं. ज्यांनी ताण दिला त्यांनीच सरबतही दिलं, असं बायको म्हणाली. शिबिरातल्या बाई मात्र गोड होत्या. "मनातला आवाज आला की त्याला उत्तर देऊ नका. खांदे सैल सोडा, श्वास घ्या, आणि चालत राहा." हे त्याला पटलं होतं. जमत तेवढं नव्हतं.

"थांबा," बायकोने ताटावर ताट झाकलं. "आज मी येते. बघू तरी कोण बसलंय तिथे."

मैदानात सगळ्या बस एका रांगेत, अंधुक उजेडात एकसारख्या. त्याने दोन्ही दारं उघडली. आत रेक्झिनचा आणि सांडून आंबलेल्या दुधाचा वास. तो पुढून निघाला, प्रत्येक सीटच्या पाठीवर हात ठेवत, पुटपुटत. ती मागोमाग. जवळ गेल्यावर तिला शब्द कळले.

"उतरला. उतरली. उतरला. उतरली."

शेवटच्या सीटपाशी तो थांबला. दांड्याला धरून अंग चोरून बाजूला झाला, कुणाला तरी वाट द्यावी तसा. त्याची नजर पुढच्या दारापर्यंत सावकाश गेली.

तिनेही वळून दाराकडे पाहिलं. "कोण गेलं?"

"कुठे कोण?"

"बाजूला झालात तुम्ही."

"सवय आहे."

ती त्या सीटवर बसली. "साहेबांना सांगा. मावशीला परत द्या म्हणावं. एका माणसाचं काम नाही हे."

"का, असं विचारतील. मग त्या पोरीचं सांगावं लागेल. सांगितलं की गाडी गेली."

"जाऊ दे की. तुम्ही तर राहाल."

"राहून काय करू? तुझ्या मशीनला तेल घालू?"

"घाला. कधीचं कुरकुरतंय."

तो हसला. किती दिवसांनी. तिला धीर आला.

"उद्या सांगाल ना?"

"आजचं तर सुटू दे आधी."

"मग आज त्या बाई म्हणाल्या तसं करा. दारं लावायची, कुलूप घालायचं, सरळ फाटक. टकटक झाली तर होऊ दे. मागे बघायचं नाही. मी मागच्या दाराने उतरून पुढे होते. कबूल?"

"कबूल."

तो पुढे गेला. ती उठली, मागच्या दाराकडे वळली, आणि पायरीशी तिचा पाय अडला. सीटखाली कुणी पाहिलंच नव्हतं. तिचं तिलाच हसू आलं, तरी ती वाकली. खाली अंधार होता. हात घालून तिने तो अगदी कोपऱ्यापर्यंत चाचपला. एक पेन्सिल लागली.

सुस्कारा टाकल्यासारखं मागचं दार मिटलं. मग पुढचं. बाहेर कुलूप वाजलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज गाडीतच राहिला.

तो फाटकाकडे चालला होता, तिच्या मागोमाग घरी निघाल्यासारखा. ती खिडकीशी सरकली आणि काचेवर बोटं वाजवली. टकटक.

तो थांबला. पाठमोराच. त्याचे खांदे वर गेले, थरथरले, आणि हळूहळू, शिकवल्यासारखे, खाली आले. इतका छान श्वास त्याने घरी कधी घेतला नव्हता.

तिने पुन्हा वाजवलं. "अहो, मी आहे."

त्याने मागे पाहिलं नाही. उत्तर न देता तो फाटकाबाहेर पडला.