कोटाचं गाव

रविवार, ९ जानेवारी १९९४. अंदाजी खर्च एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशे रुपये, पैकी विमानाची तीन तिकिटं चौऱ्याऐंशी हजारांची. हजर तिघं: मी, माझी बायको आणि शेजारचे चाचा. जागा आमच्या पनवेलच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर फोर्टच्या फुटपाथवरून आणलेला युरोपच्या रस्त्यांचा जुना नकाशा पसरलेला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले होते.

चाचा आयुष्यभर मालवाहू बोटींवर खलाशी होते. बासष्ट साली इटलीच्या दक्षिणेला बारी बंदरात त्यांना न्यूमोनिया झाला आणि बोट त्यांना तिथल्या इस्पितळात सोडून निघून गेली. इस्पितळात झाडलोट करणारी एक विधवा त्यांना डोंगरातल्या आपल्या गावी घेऊन गेली. तिथे तिने सहा आठवडे त्यांना पोसलं. निघताना थंडी होती म्हणून तिने मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट त्यांच्या अंगावर घातला आणि खुणेने सांगितलं, परत आणून दे.

तिने दिलेला पत्त्याचा कागद कोटाच्या खिशातच राहिला आणि मुंबईत पहिल्याच धुलाईत त्याचा लगदा झाला. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गावाचं नावही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पनवेलच्या हवेत असल्या कोटाचा उपयोग शून्य. तरी तो बत्तीस वर्षं त्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून जपलेला होता.

त्या साली चाचा सहासष्ट वर्षांचे होते. जमिनीच्या एका तुकड्याचे पैसे हाती आल्यावर ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊ, तुमचा हिशोब पक्का, बाईंना नकाशा कळतो. मला त्या गावात न्या, खर्च सगळा माझा. कोट परत करायचा हाय. नायतर वर जाऊन काय जवाब देऊ?"

बायको भूगोलाची शिक्षिका. भूमध्य सागरी हवामान तिने एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, ऑलिव्हचं झाड मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. तिने होकार द्यायला माझी वाट पाहिली नाही.

प्रश्न एवढाच की गाव कुठलं. भाड्याची मोटार घेऊन दहा दिवस फिरायचं, पण इटलीभर "इथे कोट दिला होता का" विचारत हिंडता येत नाही. मी चाचांची उलटतपासणी घेतली. चर्चला दोन घंटा. छपरांवर अंजिरं वाळत घातलेली. बंदरापासून ट्रकने तीन तास, सगळा रस्ता चढाचा.

हा शेवटचा आकडा मला उपयोगाचा वाटला. पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मी कळंबोलीला ट्रक उभे राहतात तिथे गेलो आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं, बंदरातून निघालेला ट्रक चढावर तासाला किती जातो?

"बोरघाटासारखा चढ?"

"समजा तसाच."

"मग पंधरा धरा. लोखंड असेल तर बाराच. तुम्हाला कुठं जायचंय?"

"इटलीला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "साहेबांना चहा पाज रे, ऊन लागलंय."

पंधरा गुणिले तीन, पंचेचाळीस किलोमीटर. मी कंपासने बारीभोवती वर्तुळ काढलं. त्यातली सपाटीवरची आणि मोठी गावं खोडली, तेव्हा चौदा उरली. त्या चौदांमधून जाणारा रस्ता बायकोने दोऱ्याने मोजला. एकेका गावाचं नाव ती मोठ्याने वाचायची आणि चाचा डोळे मिटून ऐकायचे, की काही आठवतंय का. दर वेळी म्हणायचे, "परत वाचा, बाई." त्या हिवाळ्यात आमच्या टेबलावर जेवण कमी आणि इटली जास्त असायची.

तिकडे मोटार उजव्या बाजूने चालवतात. म्हणून मी मेहुण्याची फियाट आणून रविवारी सकाळी विचुंब्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर सराव सुरू केला. चाचा शेजारी बसून बोटीवर असल्यासारखे "उजवीकडे, उजवीकडे" ओरडायचे. एकदा समोरून बैलगाडी आली. गाडीवान उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, बैलाला पन कलतं बाजू कंची ती." मागच्या सीटवर बायको पदर तोंडाशी धरून हसत होती.

मार्चमध्ये तीच म्हणाली, "अहो, न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं का? आधी पत्र टाकायला हवं." आमच्याकडे सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी आधी कार्ड टाकत. माझ्या ऑफिसातल्या वसईच्या सहकाऱ्याने त्याच्या चर्चमधल्या फादरांकडून इटालियनमध्ये मजकूर लिहून आणला. त्याच्या चौदा प्रती, चौदा गावांच्या फादरांच्या नावे. तिकिटं आम्ही उत्तरं आल्यावरच काढणार होतो.

जूनपर्यंत सहा उत्तरं आली. सगळी नकाराची, पण प्रेमाची. एका फादरांनी लिहिलं होतं की आमचं पत्र ते आसपासच्या चर्चांना पाठवत आहेत. चाचा रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला आमच्या पायरीवर येऊन बसू लागले.

ऑगस्टमध्ये एक जाड पाकीट आलं. गाव सापडलं होतं. ते बारीपासून शहाण्णव किलोमीटरवर होतं.

मी वर्तुळाकडे बघत राहिलो. दुपटीची चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. चाचांना विचारलं, "त्या ट्रकमध्ये माल काय होता?"

"माल कुठला? रिकामा होता. गावची फळं बंदरात उतरवून परत निघालेला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलंच नाय."

खरंच विचारलं नव्हतं. बंदरातून वर येणारा ट्रक भरलेलाच असणार, हे मी न विचारता धरलं. पनवेलच्या माणसाने दुसरा ट्रक पाहिलाय कुठे?

पण पत्र गावातून आलेलं नव्हतं. ते त्या बाईच्या मुलीचं होतं, उत्तरेकडच्या एका कारखान्यांच्या शहरातून. आई अकरा वर्षांपूर्वी गेली, असं तिने लिहिलं होतं. गावातलं घर बंद आहे, गल्लीत आता दोनच म्हातारी माणसं राहतात. पुढे तिचेच शब्द: मी तेव्हा दहा वर्षांची होते, तो माणूस रोज सकाळी पांघरुणाची नीट घडी घालायचा. कोट अजून असेल तर कृपा करून पाठवा, वडिलांची दुसरी कुठलीच वस्तू आमच्याकडे उरलेली नाही.

वसईच्या फादरांनी करून दिलेलं भाषांतर मी वाचून दाखवलं. चाचांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे गावात कोणच नाय."

"नाही."

"मग गाडी कशाला घ्यायची, भाऊ? मला तिच्या हातात द्यायचा होता."

बायको म्हणाली, "चाचा, मुलीच्या हातात द्या की. आपण तिकडे जाऊ."

"त्या शहरात मी तिला काय सांगू, बाई? मी त्या घरातला हाय. कोट मात्र लवकर पाठवा. लई वर्षं ठेवला."

बायकोने नकाशाची घडी घातली, एका वेळी एक, जुन्या घड्यांवरूनच. तो तिने शाळेत नेला नाही. अजून आमच्या कपाटात आहे, पेन्सिलचं चुकलेलं वर्तुळ तसंच आहे.

कोट दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. एक बटण सैल झालं होतं, ते चाचांनी स्वतः शिवलं. बोटीवर शिकलेलं काम. बायकोने पार्सल पांढऱ्या मांजरपाटात शिवलं, दर बोटभर अंतरावर मी लाखेचे ठसे मारले. पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, "किंमत काय लिहू?" चाचा माझ्याकडे बघू लागले. आकडे माझं काम. मी म्हटलं, "जुना कपडा, वापरलेला, एक नग. एक रुपया लिहा."

एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशेपैकी शेवटी गेले ते असे: टपालखर्च सहाशे चाळीस रुपये, पनवेलच्या पोस्टाला, चाचांनी आपल्या हाताने मोजून दिले. लाखेच्या कांड्यांचे सात रुपये मी वाण्याला दिले. तेवढा एकच वाटा चाचांनी माझ्याकडे राहू दिला.