द्वारकाच्या ओटीतले ब्लाउजपीस

राजधानीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमध्ये द्वारकाला ओळखत नाही असं मराठी घर नाही, कारण प्रत्येकीचा एक तरी ब्लाउज तिच्याकडे अडकलेला असतो. वेळेवर मिळेल याची खात्री नाही, पण मिळाला की बाही बसते झकास. नवरा धोंडीराम सरकारी गाडीवर ड्रायव्हर, आणि सोनम एकुलती एक लेक. मी सुरुची, द्वारकाच्या वरच्या मजल्यावर राहते. मला तोंडदेखलं गोड बोलता येत नाही आणि तिलाही नाही, म्हणून आमचं जमतं.

बारावी झाल्यावर सोनमने जाहीर केलं की ती बीएसडब्ल्यू करणार, म्हणजे समाजकार्याची पदवी. कॉलेज खाजगी, फी भलतीच. धोंडीरामचा घास हातातच राहिला. "समाजसेवा शिकायला फी? अगं, लोक ती फुकट करतात. फुकटच्या कामासाठी पैसे भरायचे म्हणजे आपणच येडे." चिडून, धुसफुसून शेवटी त्याने अट घातली. पहिलं वर्ष तो भरणार. पण या कामाला कुणी खिशात हात घालतं हे वर्षभरात दिसलं नाही, तर दुसऱ्या वर्षाला एक पैसा मिळणार नाही; सोनमने मुकाट्याने बी.कॉम. करायचं.

"बिल्कुल. मंजूर," द्वारका म्हणाली. मशीनवरून मान वर केली नाही की पाय थांबवला नाही. मला तर धडकीच भरली होती.

कारण आमच्या लोकांना मी चांगली ओळखते. सोनम कॉलेजात जाते आहे म्हटल्यावर सगळ्यांना जणू घरचा हक्काचा माणूस मिळाला. कुणाच्या सासूला हॉस्पिटलात न्यायचंय, सोनमला बोलव. कुणाच्या कामवालीच्या पोराला शाळेत घेत नाहीत, सोनम जाऊन भांडेल. पोरगी आनंदाने करायची. आणि मोबदला? आपल्यात घरच्या मुलीच्या हातावर पैसे ठेवत नाहीत, तो तिचा अपमान. मग काय करतात, तर तिच्या आईला बोलावून ओटी भरतात. नारळ, तांदूळ आणि वर एक ब्लाउजपीस. काम लेकीचं, ओटी आईची. द्वारकाच्या कपाटात ब्लाउजपिसांची चळत वाढत चालली आणि धोंडीराम मिशीतल्या मिशीत हसायला लागला.

हिवाळ्यात केतनचं प्रकरण झालं. केतन हा आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष कादंबरीताईंचा भाचा. जवळच्याच मुनिरका वस्तीत खोली घेऊन कलेक्टर व्हायची तयारी करत होता. निकालात पुन्हा नाव नाही, तेव्हा त्याने आतून कडी लावली आणि फोन घेणं बंद केलं. ताई दारावर रडल्या, त्यांच्या यजमानांनी दम दिला, काही उपयोग नाही. सोनम गेली आणि बाहेर जिन्यात बसली. ना उपदेश, ना दम. "केतन, मी बसलेय यार, घाई नाही," एवढंच अधूनमधून. संध्याकाळी कडी निघाली. त्याला जेवू घातलं, आपल्या कॉलेजातल्या मॅडमना विचारून चांगल्या समुपदेशकाकडे नेलं, आणि पुढे दर आठवड्याला बरोबर जात राहिली. आज केतन एका क्लासमध्ये शिकवतो आणि हसतो. मला विचाराल तर त्या पोरीने एक जीव परत आणला.

ताईंनी द्वारकाला बोलावून ओटी भरली. पोपटी ब्लाउजपीस, कडेला जर.

द्वारका घरी येऊन मला म्हणाली, "सुरुची, हा पीस मीच त्यांना गौरीत दिला होता. कोपऱ्यात माझ्या खडूची खूण आहे." आपल्याकडे ब्लाउजपीस असेच गावभर फिरतात, कुणी शिवत नाही, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण त्या दिवशी तिचा चेहरा मला पाहवेना.

एप्रिलमध्ये ताईंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आलेली. कूलर घरघरत होता, हातात पन्ह्याचे ग्लास, वाट्यांत आंब्याची डाळ. द्वारका मोठी पिशवी घेऊन आली, शेजारी सोनम. कुंकू लावून घेतलं, आणि मग पिशवीतून एकेक पीस काढून ती जिचा तिच्या हातात ठेवत गेली. माझाही आला. शेवटी पोपटी पीस ताईंच्या मांडीवर.

"मान दिलात, पोचला," ती म्हणाली. "पण मानावर कॉलेज चालत नाही. सोनमची फी भरायची आहे."

ताई कानकोंड्या झाल्या. "अगं द्वारका, आपली घरचीच मुलगी ती. घरच्या मुलीला कुणी पैसे देतं का?"

"घरची आहे ना? मग घरच्यांनी फी भरा."

सोनम लाल झाली. "आई, प्लीज. ज्यांचं काम केलं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नसतात, आम्हाला अलाउड नाहीये."

"तू घेऊ नकोस. मी घेते. मी कुठली समाजसेविका? मी टेलर आहे."

मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणीही आलं. ताई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मंडळ फुटलं. त्या बाहेर आल्या त्या पाकीट घेऊन. "केतनला किती वेळा भेटलीस, हे मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही गं," सोनमला एवढंच म्हणाल्या आणि पाकीट द्वारकाच्या हातात दिलं. मग बाकीच्यांच्या पर्सा उघडल्या. काही जणी कुरकुरल्या, पण मी बघत होते ना, त्यांनीही दिले. अर्धी फी तिथेच उभी राहिली.

धोंडीराम बायकोला न्यायला आला होता. हेल्मेट हातात धरून तो दारात उभा होता, कधीपासून कोण जाणे. द्वारकाने पाकीट आणि नोटा त्याच्यापुढे धरल्या. "लोकांनी खिशात हात घातला. बघितलंत?"

त्याने हेल्मेट बगलेत धरून पैसे मोजले. मग लेकीकडे वळला. "राहिलेली अर्धी मी भरतो. तिसऱ्या वर्षाची पूर्ण. यापुढे लोकांच्या दारात मागायला जायचं नाही."

"मागायला गेलेच नव्हते," द्वारका म्हणाली. "घरच्यांनाच सांगितलं. तुम्हालाही त्यांच्यातच धरलंय."